वेगाची हौस, घरात एकच गाडी आणि साडेसहा लाख

पत्र थोडक्यात : पुण्यातल्या चौतीस वर्षांच्या एका वाचकाचं पत्र आहे. घर बावधनला, नोकरी हिंजवडीत, आईवडील कराडला. घरात पत्नी आणि अडीच वर्षांची मुलगी. वडिलांनी घेतलेली २०११ची डिझेल स्विफ्ट आजवर वापरली, पण आता टर्बोतून (इंजिनात जादा हवा कोंबणाऱ्या भागातून) ऑइल गळतंय, एसी बंद पडलाय आणि आरसीची (नोंदणी प्रमाणपत्राची) पंधरा वर्षंही संपत आली आहेत. बदली गाडीसाठी साडेसहा लाख जमवलेत, कर्ज काढायचं नाही. गाडी लहान हवी पण पळणारी हवी, म्हणून सेकंड हॅन्ड बाजारात तीन गाड्या पाहून ठेवल्यात : फोक्सवॅगनची २०१६ची पोलो जीटी टीएसआय, फियाटची २०१६ची अबार्थ पुंतो आणि २०१८ची बलेनो आरएस. मन पोलोवर बसलंय आणि तिचा मालक सव्वासहा मागतोय. वडिलांचं म्हणणं, ‘एवढ्या पैशांत नवी कोरी गाडी येते, दुसऱ्याची वापरलेली कशाला?’ पत्नीला ऑटोमॅटिक हवी. ‘आत्ता नाही घेतली तर अशी गाडी पुन्हा कधीच होणार नाही असं वाटतं. हा माझा पोरकटपणा आहे का?’ असं ते विचारतात.

उत्तर :

शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण तोच तुम्हाला जास्त टोचतोय असं दिसतं. हा पोरकटपणा नाही. गाडी चालवण्यात आनंद वाटणं ही एक निरोगी आवड आहे. कुणी गाण्याच्या क्लासला पैसे घालतं, कुणी दर पावसाळ्यात किल्ले चढतं, तुम्हाला घाटातलं वळण मनासारखं घेतलं की बरं वाटतं. पैसे तुमच्या कष्टाचे आहेत, कर्ज काढत नाही आहात, घरच्यांना विचारून चालला आहात. यात संकोच वाटण्यासारखं काही नाही. अडचण वेगळीच आहे. घरात गाडी एकच असणार आणि तिच्यात अडीच वर्षांच्या मुलीपासून सत्तरीकडे झुकलेल्या वडिलांपर्यंत सगळे बसणार. गाडी निवडताना हे विसरून चालणार नाही.

तुमच्या पत्रात एक वाक्य आहे : ‘खंबाटकी चढताना तिसऱ्या गिअरमध्ये ट्रक मागे टाकला की पाठीला जो धक्का बसतो, तो मला हवा.’ हे वाक्य मी पुन्हा पुन्हा वाचलं, कारण तुम्ही ज्या अनुभवाबद्दल लिहिताय तो तुमच्या जुन्या स्विफ्टचा आहे. त्या गाडीचं १.३ लिटरचं डिझेल इंजिन जेमतेम ७५ पीएस (अश्वशक्ती) ताकदीचं, पण दोन हजार आरपीएमला (इंजिनच्या मिनिटाला फेऱ्या) १९० न्यूटन मीटर टॉर्क, म्हणजे ओढ, द्यायचं. टर्बो जागा झाला की गाडी एकदम पुढे ओढली जायची. तुम्ही दहा वर्षं ज्याला ‘पिकअप’ म्हणत आलात तो हा. आता बलेनो आरएसचे आकडे बघा : १०२ पीएस, पण टॉर्क १५० न्यूटन मीटर. म्हणजे घड्याळ लावलं तर आरएस तुमच्या स्विफ्टला सहज मागे टाकेल, पण पाठीला बसणारा धक्का कदाचित कमी वाटेल. पेट्रोल टर्बोचा जोर वरच्या आरपीएमपर्यंत पसरलेला असतो. त्यासाठी तिसऱ्याऐवजी दुसरा गिअर टाकावा लागतो, इंजिनला पाच-साडेपाच हजारांपर्यंत जाऊ द्यावं लागतं. काहींना तीच मजा वाटते, काहींना ते आवाज करत पळणं नकोसं होतं. तुम्ही कुठल्या गटातले, हे जाहिरातीतले आकडे वाचून कळणार नाही. म्हणून टेस्ट ड्राइव्ह सोसायटीभोवती दोन चकरा मारून संपवू नका. चांदणी चौकाच्या चढावर किंवा मुळशीच्या रस्त्याला, शक्य असेल तर चार माणसं बसवून, एसी लावून गाडी चालवून बघा.

याच कारणासाठी तुमच्या यादीत नसलेलं एक नाव सुचवतो : पोलो जीटी टीडीआय. १.५ लिटर डिझेल, १०५ पीएस आणि तब्बल २५० न्यूटन मीटर, पाच गिअरचा मॅन्युअल गिअरबॉक्स. तुम्ही जो धक्का म्हणताय तो याच गाडीत सगळ्यात जास्त मिळेल. दहा वर्षं झालेल्या डिझेल गाड्यांवरचे निर्बंध दिल्ली परिसरासाठी होते. महाराष्ट्रात खासगी गाडी पंधरा वर्षांनंतरही फिटनेस तपासणी, फेरनोंदणी आणि पर्यावरण कर भरून चालवता येते. पण क्लच जड आहे आणि हिंजवडीच्या संध्याकाळच्या गर्दीत डावा पाय भरून येतो. टायमिंग बेल्ट बदलल्याची पावती नसेल तर तो खर्च किमतीतून वजा करूनच बोला. या घराण्यातल्या डिझेल इंजिनांसाठी फोक्सवॅगन कंपनीनं २०१५ साली भारतातल्या तीन लाखांहून अधिक गाड्या सॉफ्टवेअर बदलण्यासाठी परत बोलावल्या होत्या. ते काम झालंय का, हे चेसिस नंबरवरून सर्व्हिस सेंटरला विचारता येतं. कमी पैशांत हाच अनुभव हवा असेल तर फोर्ड फिगोचं १.५ डिझेलही आहे, १०० पीएस आणि २१५ न्यूटन मीटर. फोर्डनं २०२१मध्ये भारतातलं उत्पादन थांबवायचं ठरवलं, त्यामुळे या गाड्या स्वस्तात मिळतात. पार्टसाठी मात्र थोडा धीर धरायची तयारी लागते.

आता पीएसच्या आकड्यांबद्दल, कारण तुमच्या पत्रात तेच आकडे फार आहेत. ज्या गाडीमुळे जगभर अशा चपळ लहान गाड्यांचं वेड पसरलं, त्या १९७६च्या गोल्फ जीटीआयची ताकद होती ११० पीएस. वजन मात्र आठशे किलोंच्या आसपास. म्हणजे मजा ताकद आणि वजन यांच्या मेळातून येते. बलेनो आरएस साधारण साडेनऊशे किलोंची आहे, पोलो जीटी अकराशेच्या पुढची. ताकद जवळजवळ सारखीच असल्यानं दर टनामागे आरएसच वरचढ ठरते. तरीही वळणावर पोलोच जास्त विश्वासाची वाटते, कारण तिचं सस्पेन्शन आणि बॉडीची घट्ट बांधणी. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. म्हणून फक्त ‘शून्य ते शंभर’वर निवड करू नका. मुंबई-पुणे एक्स्प्रेसवेवर मर्यादा शंभरचीच आहे, घाटात तर त्याहून कमी, आणि आता कॅमेरेही आहेत. तुमच्या रोजच्या वापरात चाळीस ते नव्वद या पट्ट्यात गाडी किती पटकन सरसावते, ब्रेक दाबल्यावर किती सरळ थांबते, हे जास्त कामाचं आहे.

दुसरी गोष्ट पैशांची. साडेसहा लाख म्हणजे साडेसहा लाखांची गाडी, असं तुम्ही धरून चाललाय. आठ-दहा वर्षं जुनी टर्बो गाडी घेताना हा हिशेब चुकतो. हाती आल्याबरोबर ऑइल, कूलंट, ब्रेक फ्लुइड, सगळे फिल्टर, बॅटरी, बहुधा चार टायर आणि सस्पेन्शनचे रबर बुश, एवढं तरी निघतं. विमा आणि नाव बदलण्याचा खर्च वेगळा. म्हणून माझा आग्रह आहे की गाडी सव्वापाच लाखांच्या आतच शोधा आणि बाकीचे पैसे वेगळ्या खात्यात ठेवून पहिलं वर्षभर फक्त गाडीसाठीच वापरा. पोलोच्या मालकाला सव्वासहा दिले तर तुमच्याकडे पंचवीस हजार उरतील. तेवढ्यात टायरसुद्धा धडपणे होणार नाहीत, गिअरबॉक्सचं तर नावच नको.

गिअरबॉक्सबद्दल जरा सविस्तर लिहितो, कारण तुमच्या निर्णयाचा कणा तिथेच आहे. २०१६च्या पोलो जीटी टीएसआयमध्ये १.२ लिटरचं चार सिलिंडरचं टर्बो पेट्रोल इंजिन आहे. १०५ पीएस, १७५ न्यूटन मीटर, कंपनीच्या दाव्यानुसार शून्य ते शंभर ९.७ सेकंदांत. इंजिन गोड आहे, त्याबद्दल दुमत नाही. त्याला जोडलेला सात गिअरचा डीएसजी हा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स मात्र ड्राय क्लचचा, म्हणजे तेलात न बुडणाऱ्या क्लचचा आहे. आत दोन क्लच असतात, एक सध्याचा गिअर धरून ठेवतो आणि दुसरा पुढचा तयार ठेवतो. मोकळ्या रस्त्यावर हे यंत्र अप्रतिम चालतं, गिअर कधी बदलला कळतही नाही. गर्दीत मात्र गाडी इंचाइंचानं सरकताना क्लच अर्धवट धरलेले राहतात, तापतात, झिजतात. आणि हे सगळं चालवणारा मेकॅट्रॉनिक भाग बिघडला तर दुरुस्तीचं बिल सहज लाखाच्या पुढे जातं. तुमचा रोजचा रस्ता कुठला? बावधन ते हिंजवडी. या गिअरबॉक्सला सर्वांत न मानवणारा वापर तो हाच.

तुम्ही लिहिलंय, ‘पोलो घेतली तर माझा वेगही होतो आणि तिचं ऑटोमॅटिकही होतं, म्हणून हा मधला मार्ग.’ मला हा मधला मार्ग वाटत नाही. तीन पर्यायांमधली सगळ्यात मोठी जोखीम तुम्ही पत्नीच्या सोयीच्या नावाखाली पत्करताय. ती गाडी गर्दीत जास्त वेळ कोण चालवणार, हे पत्रात कुठेच आलेलं नाही. तुमच्या पत्नीचं मत सगळ्या पत्रात एका ओळीत आटोपलंय. ऑटोमॅटिक का हवी, गुडघा दुखतो का, चढावर गाडी मागे येईल याची भीती वाटते का, की मुलीला मागे बसवून एकटीनं चालवताना हात मोकळा हवा म्हणून, हे त्यांना एकदा निवांत विचारा. उत्तर काय येतं त्यावर गाडी बदलू शकते. आणि तिन्ही गाड्यांच्या टेस्ट ड्राइव्हला त्यांना चालवायला बसवा, शेजारी नव्हे. बलेनोचा क्लच हलका आहे. तो चालवून पाहिल्यावर ‘चालेल की’ असं उत्तर आलं तर तुमचा अर्धा पेच सुटला. नाहीच म्हणाल्या, तर २०२० नंतरची एक लिटर टीएसआय पोलो ऑटोमॅटिक बघा. ११० पीएस, तोच १७५ न्यूटन मीटर आणि सहा गिअरचा टॉर्क कन्व्हर्टर (क्लचऐवजी तेलातून जोर पोचवणारा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स), जो गर्दी बराच सोसतो. ती तुमच्या बजेटच्या वर जाईल. मग सहा-आठ महिने थांबून पैसे जमवा. पण ऑटोमॅटिक हवी म्हणून जुन्या डीएसजीवर तडजोड करू नका.

इतकं सांगूनही तुमचं मन २०१६च्या पोलोवरच राहिलं, तर निदान ती अशी तपासा. गाडी चाळीस-पंचेचाळीस मिनिटं गर्दीत चालवून पूर्ण तापू द्या. मग सपाट जागी ब्रेक हळूच सोडून तिला पायी चालण्याच्या वेगानं सरकू द्या. पहिल्यातून दुसऱ्यात जाताना आणि परत येताना अंग झटकल्यासारखा धक्का बसतो का? चढावर रिव्हर्स घेताना थरथरते का? मीटरवर गिअरची अक्षरं लुकलुकतात का? यातलं एकही झालं तर हात जोडून परत या. काही झालं नाही तरी स्कॅनर लावून क्लचची झीज दाखवणारे आकडे आणि जुने एरर कोड बघितल्याशिवाय टोकन देऊ नका. क्लच किंवा मेकॅट्रॉनिक आधीच बदललेला असेल आणि त्याचं पक्कं बिल असेल, तर ती गाडी वीस-तीस हजार जास्त देऊन घेण्याच्या लायकीची आहे.

अबार्थबद्दल लिहिताना माझाही हात जरा रेंगाळतो. १.४ लिटर टी-जेट, १४५ पीएस, २१२ न्यूटन मीटर, शून्य ते शंभर कंपनीच्या दाव्यानुसार ८.८ सेकंद, चारही चाकांना डिस्क ब्रेक, आणि बांधली गेली आपल्या रांजणगावात. २०१५मध्ये दहा लाखांच्या आत असं काही मिळणं ही मोठीच गोष्ट होती. आपल्याकडे चार मीटरच्या आतल्या गाडीला कराची सवलत मिळते ती पेट्रोल इंजिन बाराशे सीसीच्या आत असेल तरच. म्हणून बहुतेक कंपन्या त्या चौकटीत राहतात आणि पोलोचं टर्बो पेट्रोलही १.२ लिटरचंच आलं. फियाटनं ती चौकट सोडून मोठं इंजिन बसवलं. अशी गाडी परत येईल असं मला वाटत नाही. पण फियाटनं भारतात गाड्या विकणं थांबवून बरीच वर्षं झाली. पार्टसाठी ओळखी लागतात, जाणता मिस्त्री लागतो, आठवडा-दोन आठवडे गाडी उभी राहिली तर चालेल अशी सोय लागते. घरात दुसरी गाडी असती तर मी तुम्हाला ‘घ्याच’ म्हटलं असतं. मुलीला रात्री ताप आला आणि गाडी कुठल्यातरी सेन्सरच्या वाटेकडे डोळे लावून गॅरेजमध्ये पडलेली असेल, तर ती हौस घरात कुणालाच गोड लागणार नाही. अबार्थ मनात ठेवा, पुढे कधी दुसरी गाडी घेण्याची वेळ येईल तेव्हासाठी.

तुमच्यासाठी माझं मत बलेनो आरएसकडे झुकतं, अर्थात पत्नीला मॅन्युअल मान्य असेल तर. ती दिसायला साधी आहे, शेजाऱ्याला नेहमीची बलेनोच वाटेल, आणि मला वाटतं तुमच्या मनात ती मागे पडली ती याचमुळे. तीन सिलिंडरचं एक लिटरचं बूस्टरजेट इंजिन, मागच्या चाकांनाही डिस्क ब्रेक, मागे पोलोपेक्षा ऐसपैस जागा. आईवडिलांना कराडहून पुण्याला आणताना ही जागा महत्त्वाची. त्याच घराण्यातलं एक लिटर टर्बो इंजिन २०२३पासून फ्रॉन्क्समध्ये येतंय, त्यामुळे या इंजिनाशी ओळख असलेले मिस्त्री आणि त्याचे बरेच पार्ट बाजारात आहेत. सगळे जसेच्या तसे बसतील असं नाही, पण कराडमध्ये गाडी बंद पडली तर मारुतीचं वर्कशॉप जवळ आहे, एवढाही दिलासा पुरे. कमतरता सांगायची तर खराब रस्त्यावर पोलोइतकी भक्कम वाटत नाही आणि खाली दोन हजार आरपीएमपर्यंत जरा सुस्त असते. टाटाच्या टियागो जेटीपीचंही नाव कुणी सुचवेल. ११४ पीएस, गमतीदार गाडी. पण मुळात थोड्याच विकल्या गेल्या, आणि तिचे खास सस्पेन्शनचे, बंपरचे भाग मिळवणं कठीण जातं.

सुरक्षिततेबद्दल तुम्ही काही विचारलं नाहीत, पण घरात लहान मूल आहे म्हणून लिहितो. २०१४च्या ग्लोबल एनकॅप संस्थेच्या क्रॅश चाचणीत एअरबॅग नसलेल्या पोलोला शून्य तारे मिळाले आणि दोन एअरबॅग असलेल्या पोलोला चार. नाव एकच, बांधणी एकच, फरक एवढा मोठा. एअरबॅग निघून गेलेली, म्हणजे मोठ्या अपघातानंतर परत न बसवलेली गाडी बाजारात मिळते. इग्निशन चालू केल्यावर एअरबॅगचा दिवा पेटतो आणि काही सेकंदांनी विझतो का बघा. पेटलाच नाही तर कुणीतरी तो काढून टाकलाय असं समजा. मुलीच्या सीटसाठी आयसोफिक्सचे हुक आहेत का, हे मागच्या सीटच्या फटीत हात घालून पाहा.

‘आत्ता नाही तर कधीच नाही’ हे वाटणं मी समजू शकतो. पोलो २०२२मध्ये बंद झाली, आरएस आणि अबार्थ त्याआधीच. पण त्यामुळे दार बंद होतंय असं नाही. आय-२० एन लाइन २०२१मध्ये आली, १२० पीएसची. अल्ट्रोझ रेसर २०२४मध्ये आली, तीही १२० पीएस, आणि अल्ट्रोझला २०२०च्या चाचणीत पाच तारे मिळालेले आहेत. या गाड्या दोन-चार वर्षांत तुमच्या पैशांत बसू लागतील. तुमच्या हातात आज जे आहे त्याहून चांगला पर्याय तेव्हा असेल. घाई करायची ती स्विफ्ट बंद पडतेय म्हणून करा. पोलो हातची जातेय या धास्तीनं करू नका.

आणि वडील. त्यांना वापरलेल्या गाडीची भीती वाटते, ती अनाठायी नाही. त्यांच्या पिढीनं मीटर मागे फिरवलेल्या, अपघात लपवलेल्या गाड्या पाहिल्यात. त्यांच्याशी वेगाबद्दल वाद घालण्यापेक्षा तपासणीला त्यांनाच सोबत न्या. स्विफ्ट त्यांनी घेतली होती, पंधरा वर्षं टिकली. त्यांच्या नजरेला काहीतरी दिसतं म्हणूनच टिकली असेल.

तपासणीला जाताना मालकाला आधीच सांगा की आम्ही येईपर्यंत गाडी सुरू करू नका. पोचल्यावर बॉनेटवर हात ठेवा. गरम असेल तर थंड इंजिन सुरू होताना काय आवाज येतो, हे कुणाला तरी तुम्हाला ऐकू द्यायचं नाहीये. थंड असताना सुरू करून पहिल्या काही सेकंदांत साखळी खडखडल्यासारखा आवाज येतो का ऐका, मागे निळसर धूर येतो का कुणाला तरी बघायला सांगा. बॉनेटच्या बिजागऱ्यांचे आणि पुढच्या फेंडरचे बोल्ट बघा. कंपनीतून आलेल्या बोल्टच्या डोक्यावर रंग सलग असतो. पाना लागला असेल तर कडा उडालेल्या दिसतात आणि मग ‘कधीच ठोकलेली नाही’ या वाक्याबद्दल पुढचा प्रश्न विचारता येतो. टायरच्या कडेवर चार आकडे असतात, समजा २३१९. म्हणजे २०१९च्या तेविसाव्या आठवड्यातला टायर. गाडी तीस हजार किलोमीटर चालली म्हणतात आणि टायर तीनदा बदललेले दिसतात, तर मीटरवर विश्वास ठेवू नका. सीट बेल्ट शेवटपर्यंत ओढून बाहेर काढा. आतल्या भागावर मातीची रेघ किंवा डाग दिसला, सीटच्या रुळांना गंज चढलेला असला, तर गाडी पाण्यात बुडालेली असू शकते. २०१९ आणि २०२१च्या पुरानंतर सांगली-कोल्हापूरकडच्या कितीतरी गाड्या धुऊन-पुसून बाजारात आल्या, आणि अशा गाडीतल्या इलेक्ट्रॉनिक्सचा त्रास वर्षभरानं सुरू होतो.

एक गोष्ट खास अशा पळणाऱ्या गाड्यांची. त्या आधीच्या मालकानंही पळवलेल्या असतात. ‘स्टेज वन केलंय’, ‘रीमॅप आहे, मक्खन चालते’ असं कौतुकानं सांगितलं जाईल. तुम्ही ते तोटा म्हणून मोजा. ईसीयूची, म्हणजे इंजिन चालवणाऱ्या संगणकाची, सेटिंग बदलून टर्बोवर जास्त दाब घेतलेली गाडी क्लच, गिअरबॉक्स आणि टर्बो यांचं आयुष्य खाते, आणि ते बदल किती जाणकारीनं केले हे तुम्हाला कळायला मार्ग नसतो. विमा कंपनीला कळवलेलं नसेल तर दाव्याच्या वेळी वाद होतो. कंपनीच्या मूळ स्वरूपाबाहेर गाडी बदलण्यावर मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ची बंधनंही आहेत. मोठे अलॉय, आवाज करणारा सायलेन्सर, खाली बसवलेलं सस्पेन्शन दिसलं तर दुसरी गाडी बघा. वयस्कर पहिल्या मालकाची, जरा कंटाळवाणी वाटावी इतकी जशीच्या तशी राहिलेली गाडी मिळाली, तर तीच तुमची.

पेट्रोलचंही पाहावं लागेल. आता पंपावर ई-२०, म्हणजे वीस टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल, मिळतं, आणि एप्रिल २०२३च्या आधीच्या बहुतेक गाड्या त्यासाठी बनवलेल्या नव्हत्या. अॅव्हरेज थोडं उतरेल हे धरून चाला, इंधनाच्या रबरी नळ्या पहिल्याच सर्व्हिसला तपासून घ्या आणि गाडी आठवडेच्या आठवडे अर्ध्या टाकीवर उभी ठेवू नका.

कागदपत्रांत आळस नको. आरसीवर बँकेचं नाव असेल तर बँकेची एनओसी (ना हरकत पत्र) आणि कर्जाची नोंद काढण्याचा फॉर्म ३५ हातात आल्याशिवाय पूर्ण पैसे देऊ नका. मालकी बदलाच्या फॉर्म २९ आणि ३० वर सही घेताना फॉर्म कोरे राहणार नाहीत हे बघा. थकलेले ई-चलन गाडीच्या नंबरवर आधीच तपासा, नंतर ते तुमच्या माथी येतात. विमा चौदा दिवसांच्या आत तुमच्या नावावर करायला टाका. विकणाऱ्याचा नो क्लेम बोनस (दावा न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट) तुम्हाला मिळत नाही, पण तुमच्या स्विफ्टचा विमा पूर्ण स्वरूपाचा आणि तुमच्याच नावावर असेल तर तिचा बोनस तुमचा आहे. स्विफ्ट विकताना विमा कंपनीकडून त्याचं पत्र घ्या, नव्या गाडीच्या हप्त्यात तो वळवता येतो आणि जास्तीत जास्त पन्नास टक्के सूट मिळते. हे पत्र मागायला बहुतेक लोक विसरतात.

स्विफ्टचं काय करायचं ते तुम्ही लिहिलेलं नाही. एजंटला देऊन मोकळं व्हायचा विचार असेल तर थांबा. गाडी तुमच्या वडिलांच्या नावावर असेल आणि घेणाऱ्यानं ती नावावर करूनच घेतली नाही, तर पुढच्या अपघाताची नोटीस कराडच्या घरी येईल. आरसीवर ज्याचं नाव तोच मालक, हे सर्वोच्च न्यायालयानं २०१८मध्ये स्पष्ट केलंय. तेव्हा विकल्याची तारीख आणि वेळ लिहिलेली पावती, घेणाऱ्याच्या आधारची प्रत आणि आरटीओत विक्री कळवल्याची नोंद, तिन्ही वडिलांच्या नावाच्या फायलीत ठेवा. परिवहनच्या संकेतस्थळावर नवा मालक दिसेपर्यंत महिन्यातून एकदा तपासत राहा. महिना-दोन महिन्यांत नाव बदललं नाही तर घेणाऱ्याच्या मागे लागा आणि आरटीओला पुन्हा लेखी कळवा.